जीर्ण वस्त्रांचा सदुपयोग

मनुष्य जुनें वस्त्र टाकून नवें घेतो, तसा आत्मा जीर्ण देह टाकून दुसरा धारण करतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. आत्म्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. वस्त्राविषयीं मात्र आमच्या घरांतील वडील स्त्रियांचें मत थोडें निराळें होतें. त्यांच्या लेखीं जुनें वस्त्र टाकावयाचें नसे. त्याचा पुढील जन्म आपल्याच घरांत व्हावयाचा असे.

नऊवारी लुगडें आधीं मधल्या भागीं विरतें. टोकें शाबूत राहतात. तेव्हां विरलेला भाग कापून काढीत व चांगले तुकडे जोडून तेंच पुन्हां नेसत. यास दंड घालणें म्हणत. तेंही फाटलें म्हणजे मऊ भागाचीं दुपटीं व झबलीं, कांठांचे पिशवीस बंद, आणि उरेल तें वाकळेंत. इतरत्र जिला गोधडी म्हणतात, तीच आमच्या आष्ट्याकडे वाकळ. तिचेंही एक शास्त्र आहे. जुने कपडे धुऊन त्यांच्या गुंड्या व जाड शिवणी आधीं काढाव्या. नाहीं तर सुई अडते व निजणाऱ्याच्या पाठीस रुततें. जमिनीवर लुगडें ताणून अंथरावें, त्यावर धोतरांचे व सदऱ्यांचे तुकडे एकसारखे पसरावे, वर दुसरें लुगडें घालावें, आणि प्रथम लांब कच्चे टांके घेऊन सर्व थर बांधून टाकावे. मग कडेपासून आरंभ करून बारीक धांवदोऱ्यानें आंत आंत जावें.

ही काटकसर दारिद्र्याची खूण आहे, असें कोणास वाटेल. त्यानें विनयपिटकांतील चुल्लवग्गांत आलेली एक कथा आठवावी. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनीं आनंद भिक्षूस पांचशें वस्त्रें दिलीं. इतकीं वस्त्रें घेऊन हा काय कापडाचें दुकान मांडणार, असा राजास संशय आला. तेव्हां आनंदानें सांगितलें कीं, ज्यांचीं वस्त्रें जीर्ण झालीं आहेत त्या भिक्षूंस हीं वांटूं. त्यांच्या जुन्या वस्त्रांचे पलंगपोस करूं. जुन्या पलंगपोसांच्या गादीस खोळी, खोळींचीं बैठकीचीं आसनें, त्यांचीं पायपुसणीं, त्यांचीं झाडण्याचीं फडकीं. आणि अखेरीस चिंध्या कुटून चिखलांत कालवून जमीन सारवूं. राजा संतुष्ट झाला व त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं.

ही कथा आम्ही वर्गांत अनेक वेळां सांगितली. परंतु घरीं ती विसरलों. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या मातोश्रींचीं सहा सुती लुगडीं ट्रंकेंत सांपडलीं. दारांत बोहारीण आली होती. आम्हीं तीं तिला देऊन स्टीलचें एक पातेलें घेतलें, आणि सौदा चांगला झाला म्हणून फुशारकीही मिरविली. सौभाग्यवतींनीं कांहीं उत्तर केलें नाहीं. माघांत नात झाली. नव्या कापडाची खळ कोंवळ्या अंगास टोंचते, म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. कपाटें भरलेलीं, पण साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या, आणि मऊ सुती असें हातभर कापड निघेना! शेवटीं आमच्या वहिनींनीं आपल्या पेटींतून एक विरलेलें लुगडें काढलें, आणि आम्हांस एका शब्दानेंही दोष न देतां त्याचीं चार दुपटीं शिवलीं. मातोश्रींच्या लुगड्याची ऊब मात्र पणतीस मिळावयाची राहिली, ती आमच्यामुळें. पातेलें अद्याप घरांत आहे.

आमच्यापासून फार दूर नसलेल्या इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग चालू झाला. तेव्हांपासून कापड उत्तरोत्तर मुबलक झालें, आणि आतां तर धागाही कृत्रिम निघाला. म्हणून जुने कपडे निवडण्याची रीत थोडी बदलली पाहिजे. मऊ सुती कापड निराळें काढून तान्ह्या बाळांसाठीं राखावें. जाड सुती असेल तें वाकळेस व पुसण्यास वापरावें. कृत्रिम धाग्याचें कापड घाम शोषीत नाहीं व आंचेजवळ वितळून कातडीस चिकटतें; त्याचें दुपटें किंवा भांडें उतरविण्याचें फडकें कदापि करूं नये. त्याच्या बाजाराच्या पिशव्या मात्र उत्तम होतात. ओझें पेलतात व लवकर वाळतात.

ज्यांच्या घरीं शिवावयास सवड नाहीं, त्यांनीं वाकळ शिवून देणाऱ्या बायकांकडून ती करवून घ्यावी. मात्र मजुरीची घासाघीस करूं नये. एका वाकळेंत किती दिवसांची मान-पाठ मोडते, हें शिवणारीसच ठाऊक. आणि गृहस्थांस आमची एवढीच विनंती कीं, बोहारणीपुढें गांठोडें सोडण्यापूर्वीं घरांतील वडील स्त्रियांस एकदां विचारावें.