गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि मैदानाची घाई

आमच्या रत्नागिरीकडील मुलांस खो-खो व कबड्डी ह्यांची गोडी लावावी लागत नाहीं. वारा प्यालेल्या वासरांप्रमाणें तीं धांवतात आणि खांबापाशीं अशी गिरकी घेतात कीं पाहणारानें थक्क व्हावें. परंतु पाऊल जमिनींत रुतलेलें असतां गुडघा पिळवटला म्हणजे ह्याच गिरकींत आंतील पुढचा अस्थिबंध तुटतो. पुष्कळदां प्रतिपक्षाचा धक्काहि लागत नाहीं. मुलींस हा धोका मुलांहून अधिक असतो.

शल्यवैद्य बहुधा रोग्याच्याच पायांतील कंडरेचा तुकडा काढून त्याचा नवा बंध बसवितात. टांके निघाले, कुबडी सुटली, म्हणजे घरच्या मंडळींस वाटतें कीं पाय बरा झाला. आम्हांसहि एकदां तसेंच वाटलें. कांहीं वर्षांपूर्वीं असा एक विद्यार्थी सहाव्या महिन्यांत मैदानावर आला. तो धांवत होता, वेदना नव्हती, सामने तोंडावर आले होते. आम्हीं त्यास संघांत घेतलें. तो त्याच गुडघ्यावर पुन्हां पडला. त्याच्या वडिलांस काय उत्तर द्यावें हें आम्हांस आजहि सुचलेलें नाहीं.

वेदना थांबणें निराळें आणि बळ येणें निराळें. नवा बंध पहिल्या कांहीं महिन्यांत उलट दुबळा होतो, कारण त्यांत रक्तवाहिन्या नव्यानें वाढावयाच्या असतात. मांडीचा पुढचा स्नायु तर थोड्याच दिवसांत वाळूं लागतो. तो भरून काढणें हें शल्यवैद्याच्या हातीं नाहीं, खेळाडूच्या हातीं आहे. गुडघ्याखालीं टॉवेलची घडी ठेवून ती दाबावी व मांडी आवळून अंक मोजावे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. टांच अंथरुणावरून ओढीत गुडघा वांकवावा. पाय पूर्ण सरळ होणें हें आरंभींचें मुख्य काम. पुढें फिजिओथेरपिस्टच्या अनुज्ञेनें अर्ध्या बैठका व एका पायरीची चढउतार. आपल्या अंगणांतील जांभ्याच्या पायऱ्या ह्या कामीं उत्तम, मात्र पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायरीवर हा प्रयोग नको! सूज आली तर व्यायाम कमी करून तज्ज्ञास दाखवावें. उकिडवें बसण्याची घाईहि करूं नये.

हें काम कंटाळवाणें आहे, हें आम्ही जाणतों. क्रिकेटपटु ऋषभ पंत ३० डिसेंबर २०२२ रोजीं मोटार-अपघातांत जखमी झाला. जानेवारी २०२३ मध्यें मुंबईंत त्याच्या गुडघ्याच्या बंधांवर शस्त्रक्रिया झाली. आणि तो सामन्यांत परतला तो २३ मार्च २०२४ रोजीं. उत्तमोत्तम तज्ज्ञ दिमतीस असतां त्यास चौदा महिने लागतात, तर आमच्या मुलांनीं पांचांत कां उरकावें?

नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनीं १०६ रोग्यांची पाहणी करून २०१६ सालीं असें दाखविलें कीं, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जो जो महिना लांबवावा त्या त्या महिन्यागणिक पुन्हां दुखापत होण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें घटतें. बळाच्या व उडीच्या कसोट्या उतरलेल्यांत पुन्हां जखमी झाले ते शेंकडा ५.६, न उतरतांच खेळलेल्यांत शेंकडा ३८.२.

पालक म्हणतील, दहावीस खेळाचे वाढीव गुण मिळतात, तें वर्ष कसें दवडावें? प्रश्न खोटा नाहीं. पण त्या गुणांसाठीं आयुष्यभराचा गुडघा गहाण टाकणें आम्हांस पटत नाहीं. नऊ महिने पुरे झाल्यावांचून, शल्यवैद्याचें लेखी पत्र आल्यावांचून, आणि दुखऱ्या पायाची एकेरी उडी चांगल्या पायाच्या उडीच्या शेंकडा ९० भरल्यावांचून कोणासहि संघांत घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. उडी मोजण्यास खडू व फीत पुरते.

खेळाच्या खोलींत ह्यासाठीं आम्हीं एक वही ठेविली आहे. तींत सध्यां एकाच मुलीचें नांव आहे. तिचे नऊ महिने फेब्रुवारींत भरतात, सामने त्यापूर्वींच होतील. ती तेव्हां गुणलेखकाच्या मेजाशीं बसेल, आणि आमच्यावर रागावलेली असेल.