तहसीलदारी आणि तलाव

कमरेला भोपळा बांधून कृष्णेत हातपाय मारायला शिकलेल्या पिढ्यांच्या मिरजेत पोहणे हा क्रीडेपेक्षा नित्याचा व्यवहारच समजला जाई; म्हणूनच की काय, शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे वयाच्या सोळाव्या वर्षी, २००८ साली, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये मुक्तशैलीच्या ५०, १०० आणि २०० मीटर शर्यतींत उतरला, आणि २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवता झाला, तेव्हा त्यामागे पाण्यात गेलेल्या तासांचा हिशेब मांडण्याचे आपल्याला सुचले नाही. खजानसिंगाच्या १९८६ मधील रौप्यपदकानंतर जलतरणातील भारताचे ते पहिलेच आशियाई पदक. सरकारने त्याचे चीज केले, ते त्याला तहसीलदार नेमून.

हेतू निःसंशय उदार होता. परंतु महसुली दफ्तराचा कारभार आणि प्रातःकाळचा तलाव यांचे सख्य जमत नाही, आणि ऐन उमेदीची काही वर्षे सरावाविना सरली. त्यातूनही सावरून तो २०१८ साली जकार्त्यात ५० मीटर मुक्तशैलीच्या अंतिम शर्यतीत उतरला, आणि सेकंदाच्या एका शतांशाने कांस्यपदकाला मुकला. तो शतांश कोणत्या फेरफाराच्या नोंदीत खर्ची पडला असेल, याचा तर्क ज्याचा त्याने करावा.

ही झाली अल्प अंतराची कथा. १५०० मीटर म्हणजे ५० मीटरच्या तलावाच्या तीस लांब्या. त्यासाठी वर्षानुवर्षे कमावलेला दम थोड्याशा खंडानेही ओसरू लागतो. अमेरिकेच्या केटी लेडेकीने २०१२ ते २०२४ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक राखले, ते त्या बारा वर्षांत पाणी न सोडल्यामुळे. मिरजेत हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नसावी: अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर लुब्ध होऊन कोणा संस्थानिकाने त्यांना मामलेदारी बहाल केली असती, तर किराणा घराण्याचे काय झाले असते?

नेमणूक अवश्य द्यावी, मात्र खेळाडू स्पर्धेतून निवृत्त होईपर्यंत त्याची हजेरी तलावावर मांडावी, वेतन पूर्ण द्यावे आणि तालुक्याचा कार्यभार मागाहून सोपवावा. रेल्वे आणि सेनादले आपल्या खेळाडूंना सरावाची मोकळीक देत आलीच आहेत. मुलकी खात्याला तेवढा एक हुकूम काढणे जड जाऊ नये.