यंत्राची बुद्धी आणि आपली खतावणी

कोणत्या ग्राहकास कोणता माल केव्हा सुचवावा, हे आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र सांगते. पण ते सांगते आपल्याच नोंदींवरून, याचा आपणां व्यापाऱ्यांना सोयीस्कर विसर पडतो.

आमच्याच दुकानची गोष्ट. जे ग्राहक मोबाइल क्रमांक देण्यास नाखूष असत, त्यांच्या पावतीवर नोकर दुकानाचाच क्रमांक घाली. वर्षअखेर यंत्राने निर्वाळा दिला की, आमचे सर्वांत मोठे ग्राहक आम्हीच! हसू आले खरे. परंतु अनेक रोखीच्या गिऱ्हाइकांची आवडनिवड त्या एका खात्यात बुडाली होती आणि त्या हिशेबावर भरलेला सणाचा माल पडून राहिला.

भोपाळात आणखी एक अडचण आहे. १९५६ साली हे शहर राजधानी झाल्यावर नागपूरकडून आलेल्या मराठी कुटुंबांची नावे हिंदीत एक, इंग्रजीत दुसरी लिहिली जातात. एकच गृहस्थ तीन खात्यांत विभागला जातो. शिवाय बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्यास मिळू शकतो. मग दिवंगत ग्राहकास धाडलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा भलत्याच घरी पोहोचतात.

ज्या माहितीवरून व्यक्तीविषयी निर्णय घ्यावयाचा, ती अचूक ठेवण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही ती वापरणाऱ्यावरच टाकली आहे. वस्तुतः आपले वडील रोकडीचा मेळ बसल्याशिवाय दिवा मालवीत नसत. त्यांना कायद्याची गरज भासली नाही.

क्रमांक न मिळाल्यास रकाना कोरा ठेवावा, अशी ताकीद आम्ही आता नोकरांना दिली आहे. ग्राहकांची यादी त्यामुळे बरीच आखूड झाली, हे कबूल करतो.