एकट्याची वाट आणि नेम

अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते. ‘दिंडीत नुसती गर्दी. एकट्याने चालल्याशिवाय स्वतःची ओळख पटत नाही.’ नर्मदा परिक्रमा करून आलेली काही मंडळी हे ठासून सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. त्या वाटेने मीही एकटा गेलो आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो, हे वाक्य अर्धे आहे. आणि अर्धे वाक्य माणसाला आडरानात नेते.

परिक्रमा कठीण आहे यात वाद नाही. अमरकंटकला उगम पावून भरूचच्या पुढे समुद्राला मिळणाऱ्या या नदीच्या दोन्ही तीरांनी मिळून अडीच हजार किलोमीटरहून अधिक चाल होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचे. पण पाय दुखतात म्हणून माणूस मागे फिरत नाही. तो फिरतो वेगळ्याच कारणाने.

ओंकारेश्वराहून निघाल्यावर आठव्या-नवव्या दिवसाची गोष्ट. तिथे डोंगर नव्हता, जंगलही नव्हते. निमाडातला सपाट रस्ता, दुपारची वेळ. शेतात कापूस वेचणारी माणसे आपसात बोलत होती. येणारा-जाणारा ‘नर्मदे हर’ म्हणे, मीही म्हणे. पण कित्येक दिवसांत मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. घरून निघताना अंगात जो उत्साह होता, तो शिदोरीबरोबरच संपला होता. समोर एसटीसारखी एक बस उभी होती. खोटे कशाला सांगू, मी तिच्या पाटीवरचे गाव वाचले.

तेव्हा मला कोणत्या प्रेरणेने थांबवले? कोणत्याही नाही. दिवेलागणीला हरिपाठ म्हणायचा होता, आणि तो चालत्या बसमध्ये म्हणायची लाज वाटली, एवढेच. म्हणून पुढच्या गावापर्यंत चाललो. तिथल्या देवळाच्या ओट्यावर बसून पहिला चरण म्हटला आणि सवयीने थांबलो. आपल्याकडे एकाने चरण म्हणावा, बाकीच्यांनी उचलावा. तिथे उचलायला कोणी नव्हते. गर्दी गर्दी म्हणून आपण जिला नावे ठेवतो, तिची किंमत मला त्या शांततेत कळली. सदावर्ताचे पीठ-डाळ घेऊन आलेली म्हातारी ते ऐकून खाली टेकली. तिला मराठीचा शब्द येत नव्हता. ती नुसती टाळी देऊ लागली. हरिपाठ पुरा झाला. सकाळी मी पुढे निघालो.

आता सांगा, ही चाल एकट्याची कशी? पीठ दुसऱ्याचे, ओटा गावाचा, समुद्राजवळ पलीकडे नेणारी नाव नावाड्याची. एवढे घेऊन ‘मी एकट्याने केले’ म्हणणे हा अहंकार आहे, आणि तो उतरवण्यासाठीच तर वाटेला लागायचे.

कोणी म्हणेल, एकटे वाटणे हाच दुबळेपणा. मग नामदेवरायांना काय म्हणाल? ज्ञानोबारायांसारखी सोबत असूनही तीर्थयात्रेत त्यांना पंढरीची ओढ लागली होती. तीर्थावळीच्या अभंगांत ती तळमळ उघडी आहे. ती लपवावी असे त्यांना वाटले नाही. कोणी तुकोबांच्या भंडारा डोंगराचा दाखला देईल. पण तो एकांत होता, आणि तिथे जे मिळाले ते तुकोबांनी खाली उतरून कीर्तनात वाटून टाकले. जो एकांत माणसांत परतत नाही, त्याला आमच्या संप्रदायात फारशी जागा नाही.

प्रेरणा निंद्य नाही. ती उंबऱ्याबाहेर काढते. पण पुढची वाट नेम चालवतो. माळकरी आषाढीला जातो, तो दर वर्षी उचंबळून येते म्हणून नव्हे. एखाद्या वर्षी मन कोरडे असते, तरी तो जातो.

आणि आता दोन शब्द आपल्यालाच. दिंडीत चालणाऱ्याने फुशारकी मारू नये. मागे एका वर्षी एका दिंडीच्या पंगतीतून एका वृद्धाला उठवलेले मी पाहिले आहे. का, तर त्याचे नाव यादीत नव्हते. हजारोंच्या मेळ्यात तो माझ्या निमाडातल्या दुपारपेक्षाही एकटा होता. मी तेव्हा उठलो नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

तेव्हा वाचकहो, एकटे जायचे तर जरूर जा. नेम ठरवून जा, आणि संध्याकाळी ज्याच्या दारी थांबाल त्याच्याशी दोन शब्द बोला. दिंडीतून जाणार असाल, तर मागे कोण एकटा चालतो आहे तेवढे वळून पाहा. तो चरण म्हणत असेल. तो उचला.

राम कृष्ण हरि.