सुरजागडचा डोंगर कोणाचा?

आपल्या थळच्या किनाऱ्यावर १९८५ साली खत कारखाना सुरू झाला. तो कोठे उभारावा यावरून त्याआधी बराच वाद झाला होता. पण तो सभांतून, निवेदनांतून आणि वर्तमानपत्रांतून झाला. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, लोकांच्या वाट्याला एवढेही भाग्य आले नाही.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे. कारखानदाराच्या लेखी तो कच्चा माल. माडिया आदिवासींच्या लेखी तेथे ठाकुरदेवाचे ठाणे आहे. भोवतालचे रान त्यांना मोहफुले, तेंदूपाने आणि बांबू देते. २००७ साली तेथील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाला. २०१३ साली माओवाद्यांनी कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी, एक कंत्राटदार आणि एक पोलीस पाटील अशा तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी खनिज वाहणारी कितीतरी वाहने जाळली. पुढे २०२१ पासून कडक पोलीस बंदोबस्तात खाण जोमाने सुरू झाली.

या बंदुकीने आदिवासींचे काय भले केले? खाण थांबली नाहीच. उलट खाणीविषयी शंका काढणारा नक्षलवाद्यांचा हस्तक ठरू लागला आणि रस्ता वा नोकरी मागणारा पोलिसांचा खबऱ्या. दोन्हीकडून तोंड बंद झाले ते सामान्य माणसाचे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर शासनाची एक सबबही गेली. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले आणि २०११ पासून स्वतःच्या जंगलातील बांबू स्वतः विकून दाखवला. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

देशाला लोखंड हवे, हे कोण नाकारील? पण डोंगर फोडण्यापूर्वी डोंगराखाली राहणाऱ्यांना विचारले पाहिजे, आणि ‘नको’ हे उत्तरही ऐकून घेण्याची तयारी पाहिजे. शस्त्रे खाली ठेवली गेली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. तो आता निर्भयपणे विचारता यावा, एवढीच अपेक्षा; आणि तो विचारणाऱ्यांत आपण विद्यार्थीही असावे.