पाटी जुनी, मालक नवा

अमेरिकेतल्या लहान गावांत अंत्यविधीचा व्यवसाय बहुधा सुतारकामातून उभा राहिला. टेबल-खुर्च्या करणारा सुतारच शवपेटी करी. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात दूर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पोचवण्यासाठी ते रसायने भरून टिकवण्याची पद्धत रुळली आणि या कामाचा स्वतंत्र धंदा झाला. खाली अंत्यविधीचे दालन, वर कुटुंबाचे बिऱ्हाड, दारावर आडनाव.

या धंद्यातले गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. घरात मयत असताना चार दुकाने कोण हिंडणार? भावाला लगाम एवढाच की दुकानदार त्याच गावात राहायचा, त्याच चर्चमध्ये शेजारी बसायचा. तोही पुरेसा नव्हता. महागड्या पेट्या आणि नको ते सोपस्कार गळ्यात मारण्याची रीत जेसिका मिटफर्ड यांनी 1963 मध्ये ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या पुस्तकातून चव्हाट्यावर आणली. तपशीलवार दरपत्रकाची सक्ती करणारा केंद्रीय नियम लागू व्हायला मात्र 1984 उजाडले.

तोवर मालकी हलू लागली होती. ह्यूस्टनच्या रॉबर्ट वॉलट्रिप यांनी घरच्या व्यवसायातूनच 1962 मध्ये ‘सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल’ उभी केली. गावोगावची दुकाने विकत घ्यायची, शववाहिन्या आणि नोकर अनेक दुकानांत मिळून वापरायचे, पाटीवरचे जुने आडनाव मात्र तसेच ठेवायचे. मला हे शेवटचे सर्वांत गंभीर वाटते. आजोबांना ज्यांनी पोचवले त्यांच्याकडेच आलो, या समजुतीने माणूस सही करतो. लगाम सुटलेला असतो आणि त्याला ते कळलेलेही नसते.

कॅनडाच्या लोवेन ग्रुप या कंपनीनेही अशीच खरेदी चालवली होती. बिलॉक्सीच्या जेरेमाया ओकीफ या कौटुंबिक व्यावसायिकाने तिच्यावर करारभंगाचा दावा लावला. 1995 मध्ये मिसिसिपीतल्या ज्यूरीने 50 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, पुढे साडेसतरा कोटींवर तडजोड झाली. 1999 मध्ये लोवेनने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिच्यातून उभी राहिलेली कंपनी 2006 मध्ये विकत घेतली ती सर्व्हिस कॉर्पोरेशननेच.

आपल्याकडे अजून तिरडी बांधायला शेजारी धावतात. पण मोठ्या शहरांत मुले परदेशी, शेजारी अनोळखी, आणि अंत्यविधीची पॅकेजे विकणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांची गरज मी नाकारत नाही. मात्र बाबवार दरपत्रक, खऱ्या मालकाचे नाव आणि आगाऊ घेतलेले पैसे कुठे ठेवले याचा हिशेब, या तिन्हींची सक्ती हा धंदा लहान आहे तोवरच व्हायला हवी.