जनसंपर्कातला 'जन' कुठाय?

'जनसंपर्क' या शब्दात 'जन' आधी येतो. धंद्यात मात्र तो शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही...

आमच्या गोराईचंच बघा ना. आम्ही अलीकडचे, म्हाडावाले. जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे खरं गोराई गाव, पुढे मनोरी, उत्तन. हे धारावी बेट. (झोपडपट्टीची धारावी वेगळी, दरवेळी सांगावं लागतं!) २००० नंतरच्या दशकात इथे पर्यटनाचा सेझ येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला. कोळी, ईस्ट इंडियन, शेतकरी विरोधात उभे राहिले, तेव्हा कुठे तो बारगळला. अशा प्रकल्पांच्या प्रेसनोटमध्ये विकास, रोजगार आणि जागतिक दर्जा हमखास असतात. जाळी कुठे वाळत घालायची, ते नसतं.

आता ती प्रेसनोट लिहिणाऱ्याला जाब कोण विचारणार? पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, स्थापनाही मुंबईतलीच. २१ एप्रिल १९६८ ला दिल्लीच्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन. छान. पण ती संहिता सभासदांपुरती. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. जनसंपर्कवाल्याला? व्हिजिटिंग कार्ड!

यावर या धंद्यातल्या मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही वकिलासारखे, अशिलाची बाजू मांडतो. अहो, कोर्टात समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतो. गोराईच्या कोळणीची प्रेसनोट कोण लिहितं?

आणि संघटनेच्या हातात काहीच नसतं, हेही मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत, मूळ सहारनपूरच्या गुप्ता बंधूंसाठी, बेल पॉटिंजर या ब्रिटिश कंपनीने वांशिक तेढ वाढवणारा प्रचार केला. तिथल्या विरोधी पक्षाने थेट ब्रिटनमधल्या जनसंपर्क संघटनेकडे तक्रार नेली. पक्ष काही संघटनेचा सभासद नव्हता. तरी तक्रार ऐकली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीला हाकललं. काही दिवसांत कंपनी बुडाली! कायद्याची काठी नव्हती, नुसती लाज होती.

आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण गाजलं, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल काढला. बोल लागले ते मुख्यतः वर्तमानपत्रांना. मजकूर तयार करून देणारे नामानिराळे. असो.

माझी मागणी साधी आहे. तक्रारीचा अर्ज मराठीत असावा, बाहेरच्या कुणालाही करता यावा, आणि निकाल नावानिशी छापला जावा. पुढच्या २१ एप्रिलला सत्कार करायचेच असतील तर ते पलीकडे गोराई गावात करा, मंडळी. फेरीबोटीचं तिकीट मी काढतो.